बेवारस ऐंशी फूट

पाऊस सुरू झाला की सगळं ऑफिस आत यायचं आणि आमचे साहेब बाहेर पडायचे. अंगात खाकी रेनकोट, पायात गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणि सायकलच्या हँडलला अडकवलेला लाल ऑइलपेंटचा छोटा डबा. पाऊस थांबला की परत येऊन खुर्चीत बसायचे, चहा मागवायचे आणि पंचानं चष्मा पुसत समोर जो असेल त्याला सांगायचे की आज पहाडीवरचं पाणी बाजारात पोचायला पंचवीस मिनिटं लागली, गेल्या वर्षी चाळीस लागत होती. मधे कुणीतरी मोकळ्या जमिनीवर फरशी घातली आहे, ती शोधून काढा. समोरचा माणूस पुष्कळदा नुसता डाक द्यायला आलेला शिपाई असायचा. साहेबांना त्याचं काही नसे.

शहराच्या नाले-गटार विभागात ते कार्यकारी अभियंता होते आणि मी त्यांच्या हाताखाली ज्युनियर इंजिनियर म्हणून लागले होते. दिल्लीत तेव्हा उड्डाणपुलांचं नवल होतं. इंजिनियर झालेल्या प्रत्येकाला पूल बांधायचा होता. मलाही बांधायचा होता. नेमणुकीचं पत्र आलं ते नाल्यांचं, तेव्हा सरोजिनी नगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये दोन दिवस कुणी त्या विषयावर बोललं नाही. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, निदान सरकारी आहे.

आमचं ऑफिस करोल बागेच्या बाजूला, एका जुन्या पंपघराला लागून दोन खोल्यांचं होतं. पहिल्या दिवशी मला वाटलं होतं, बाईमाणूस म्हणून मला ड्रॉइंगच्या टेबलाशी बसवतील. हेडक्लार्कनं तसं टेबल पुसूनही ठेवलं होतं. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या चपलांकडे बघितलं आणि विचारलं, पायाचा नंबर काय. दुसऱ्या दिवशी टेबलावर गमबूट होते. मापाचे. हेडक्लार्क हिंदीत काहीतरी पुटपुटला, की मॅडमना कशाला तिथं न्यायचं. साहेब मला मराठीत म्हणाले, "बाई, आत कोण उतरलं ते मॅनहोलला कळत नाही." एवढंच माझं स्वागत.

त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. सगळी नोकरी मी त्यांची 'बाई' होते आणि ते 'साहेब'. घरीही आम्ही त्यांचा उल्लेख तसाच करायचो. साहेब जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण आमच्या घरात अजून नुसतं 'साहेब' म्हटलं की ते दुसऱ्या कुणाबद्दल नसतं.

ते राहायचे हिंदूरावच्या टेकडीवर, वरच्या अंगाला. एकदा मी विचारलं, इतक्या लांबून रोज सायकलनं का येता. त्यांनी दोन कारणं सांगितली. एक म्हणजे, ड्रेनेजवाल्यानं उंचावरच राहावं, नाहीतर पावसात तो आधी स्वतःच्या घराकडे पळतो. आणि दुसरं, दिल्ली सपाट आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा सायकल चालवावी. पायडल कुठं जड जातं आणि कुठं आपोआप फिरतं, हे त्यांच्या मांड्यांना पाठ होतं. लेव्हलची दुर्बीण लावून आम्ही सबंध दिवस मोजमाप करायचो आणि संध्याकाळी आकडा घेऊन गेलो की ते म्हणायचे, पुन्हा बघा, त्या चौकात एवढा उतार नाही, तिथं मला पाय मारावा लागतो. चार वेळा मी पुन्हा बघायला गेले. तीन वेळा त्यांच्या मांड्या बरोबर निघाल्या. चौथ्या वेळी दुर्बीण बरोबर निघाली, तर त्यांनी दुसऱ्या दिवशी सायकल दुरुस्तीला टाकली.

तो लाल रंगाचा डबा म्हणजे त्यांचं दप्तर होतं. मोठा पाऊस पडला की पाणी जिथवर चढलं तिथं भिंतीवर किंवा विजेच्या खांबावर ते एक रेघ ओढत आणि बाजूला तारीख घालत. लोकांना वाटायचं, हा म्हातारा रस्ता रुंद करण्याच्या खुणा करतोय आणि आता आपलं दुकान पाडणार. एका कापडाच्या व्यापाऱ्यानं दिवाळीसाठी चुना लावलेल्या भिंतीवर ही रेघ बघितली आणि साहेबांना दंडाला धरून चौकीत नेलं. मला निरोप आला तेव्हा मी ओळखपत्र घेऊन धावत गेले. बघते तर साहेब वाकून चौकीच्याच भिंतीवर रेघ ओढत होते आणि हवालदार शेजारून सांगत होता, नाही साहब, थोडा और ऊपर, मेरे बेल्ट तक आया था. व्यापारी बाकावर बसून चहा पीत होता. पुढच्या वर्षी त्यानं दुकानाचा ओटा उंच केला. बरोबर त्या रेघेच्या वर चार बोटं.

एक गोष्ट मात्र त्यांना मुळीच खपत नसे. पावसाच्या नाल्यात घरातलं सांडपाणी. दोघांचे नळ वेगळे, वाटा वेगळ्या, जायची ठिकाणं वेगळी. ही दोन वेगळी बिऱ्हाडं आहेत, असं ते म्हणायचे, एका चुलीवर आणू नका. नाल्याच्या झाकणापाशी वाकून ते नुसता श्वास घ्यायचे आणि सांगायचे, वर कुणीतरी चोरून जोडलंय. मग शोध. विहिरीत टाकायची ती लाल पूड, पोटॅशियम परमँगनेट, त्यांच्या खिशात पुडीत असायची. संशय असलेल्या घरी जाऊन नम्रपणे विचारायचे की आपल्या मोरीत हे जरा ओतू का, आणि मी खाली नाल्याशी उभी राहून गुलाबी पाणी यायची वाट बघायची. असा एक हलवाई सापडला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि आम्हाला बसवून गरम जिलेबी दिली. साहेबांनी ती आवडीनं खाल्ली, जिलेबीची मनापासून तारीफ केली आणि तोंड पुसून त्याला आठ दिवसांची नोटीस दिली.

आमच्याकडे ते पहिल्यांदा आले ते गणपतीत. वडील एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, घरी येणाऱ्या माणसाचा हुद्दा बघून बशीत किती बर्फ्या ठेवायच्या ते ठरवणारे. कार्यकारी अभियंता म्हणून त्यांनी बैठकीवर धुतलेली चादर घातली होती. साहेबांनी गणपतीला नमस्कार केला, प्रसाद घेतला, हात धुवायला म्हणून आत गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. आई बघायला गेली तर ते मोरीत उकिडवे बसून तांब्यानं थोडं थोडं पाणी ओतत होते. बाहेर आल्यावर ते वडिलांना म्हणाले की तुमच्या मोरीची फरशी उलटी घातली आहे, उतार दाराकडे आहे, पाणी कायम त्या कोपऱ्यात राहत असणार. वडील उठून मोरीत बघून आले. अकरा वर्षं त्या कोपऱ्यातल्या पाण्यावरून ते आईला बोलत आले होते, की तुला नीट पुसता येत नाही. आईनं त्या दिवशी साहेबांना चार मोदक वाढले आणि त्यांच्याविरुद्ध या घरात पुढं कुणाला एक शब्द बोलू दिला नाही.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की ते गमतीदार होते. हाताखालच्या माणसांना तसं वाटत नसे. ते कुणाचं कौतुक करत नसत, सुट्टी मागितली तर आधी आकाशाकडे बघत. आणि एका बाबतीत तर ते भलतेच कडक होते. भुयारी गटारात बेलदार, म्हणजे सफाईचा मजूर, उतरवायचा असेल तर आजूबाजूची झाकणं दीड तास उघडी ठेवायची, विषारी वायू कळावा म्हणून जाळीचा सेफ्टी दिवा आधी खाली सोडायचा, माणसाच्या कमरेला दोर बांधायचा आणि ज्या इंजिनियरनं त्याला खाली पाठवलं त्यानं तो वर येईपर्यंत तोंडाशी उभं राहायचं. खुर्ची नाही, छत्री नाही, चहा नाही. दुसऱ्या विभागातले इंजिनियर सकाळी हुकूम देऊन संध्याकाळी रिपोर्ट लिहायचे. आम्ही जूनच्या उन्हात उभे राहायचो आणि मनातल्या मनात साहेबांना शिव्या द्यायचो. एकदा माझ्या बरोबरीचा एक ज्युनियर इंजिनियर पाच मिनिटं सावलीत गेला, तर साहेब त्याला रागावले नाहीत. त्याच्या हातात दोर दिला आणि स्वतः खाली उतरले. साहेब वर येईपर्यंत त्या इंजिनियरनं दोर दोन्ही हातांनी धरून ठेवला. तो पुन्हा कधी सावलीत गेला नाही. त्यांच्या सगळ्या नोकरीत त्यांचा एकही माणूस खाली राहिला नाही, एवढं मी खात्रीनं सांगू शकते.

जबाबदारी हा शब्द ते फारसा वापरत नसत. त्यांच्या खोलीतल्या भिंतीवर विभागाचा मोठा नकाशा होता आणि त्यावर नाल्याच्या प्रत्येक तुकड्याशेजारी पेन्सिलनं एकेका माणसाचं नाव लिहिलेलं होतं. हुद्दा नाही, नाव. बदली झाली की खोडायचं आणि नवीन लिहायचं. ज्याला नाव नाही त्याची सफाई होत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्या नकाशात एक जागा कोरी होती.

पहाडीकडून उतरणारा एक जुना नाला आमच्या हद्दीतल्या वस्तीतून येऊन एका मोठ्या रस्त्याखालून जायचा. रस्त्याखाली इंग्रजांच्या वेळची विटांची बुटकी कमान होती. दिल्लीत तिला पुलिया म्हणतात. लांबी ऐंशी फूट. पलीकडे तो नाला मोठ्या कालव्यासारख्या नाल्याला मिळायचा. आमच्या विभागाच्या कागदांप्रमाणे आमचा नाला पुलियाच्या अलीकडच्या तोंडाशी संपत होता. पूरनियंत्रणवाल्यांच्या कागदांप्रमाणे त्यांचा नाला पलीकडच्या तोंडापासून सुरू होत होता. रस्तेवाले म्हणत, आमचा रस्ता वर आहे, खालच्या पाण्याशी आमचा काय संबंध. अर्धी पुलिया गाळानं भरलेली होती आणि मधोमध कुणीतरी कधीतरी पाण्याचा एक आडवा पाइप टाकून ठेवला होता. वाहत आलेलं सगळं त्या पाइपला अडकायचं.

अलीकडच्या बाजूला, सगळ्यात खोलगट जागी मुलींची एक शाळा होती. दर पावसाळ्यात शाळा आठवडा-आठवडा बंद राहायची. बाकांचे पाय कुजले होते. तिथल्या मुख्याध्यापिकेला सगळे बडी बहनजी म्हणत. उंच, पांढऱ्या साडीतल्या, फाळणीत लाहोरहून आलेल्या. त्या दरवर्षी तीन ऑफिसांना तीन पत्रं लिहायच्या आणि तीन उत्तरं यायची, की हे आमच्याकडे येत नाही.

साहेबांनी दोन्ही विभागांच्या अधिकाऱ्यांना बैठकीला बोलावलं. ते आले तर बैठक ऑफिसात नव्हती. पुलियाच्या कडेला रस्त्यावर टेबल मांडलं होतं, चार खुर्च्या, चहा आणि नकाशा. नकाशा मी काढला होता. खालून वास येत होता आणि दोन्ही अधिकारी रुमाल नाकाशी धरून बसले होते. साहेबांनी त्यांना एकेक रंगीत पेन्सिल दिली आणि विनंती केली की आपापला भाग रंगवा. रस्तेवाल्यांनी वरचा रस्ता हिरवा केला. पूरवाल्यांनी पलीकडचा नाला निळा केला. साहेबांनी अलीकडचा लाल केला. मधे ऐंशी फुटांचा पांढरा तुकडा राहिला.

साहेबांनी विचारलं, हा कुणाचा?

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मग रस्तेवाले साहेब हसत म्हणाले, "लावारिस समझिए, सर."

आमच्या साहेबांनी चष्मा नीट केला, लाल पेन्सिलनं तो तुकडा सावकाश भरला, त्यावर स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, तारीख घातली आणि तिघांच्या सह्या घेतल्या. बाकीच्या दोघांइतक्या तत्परतेनं सही करताना मी कुठल्याही सरकारी माणसाला पाहिलेलं नाही. जाताना साहेबांनी त्या नकाशाची एक प्रत शाळेत नेऊन दिली. बडी बहनजींनी ती वाचली, त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि भिंतीवर लावून टाकली.

अधीक्षक अभियंत्यांनी बोलावून विचारलं की हे कुणाच्या परवानगीनं केलं. साहेबांनी सांगितलं, कुणी मनाई केली नव्हती. ऑफिसात महिनाभर हसू चाललं होतं. लोक घरं घेतात, प्लॉट घेतात, आमच्या साहेबांनी पुलिया घेतली.

पहिल्या वर्षी आम्ही आतला जमेल तेवढा गाळ काढला. मी स्वतः पोटावर सरकत तीस फूट आत गेले होते, पुढं तो पाइप आडवा होता. त्या वर्षी शाळेत पाणी आलं नाही. पुलिया नव्यानं बांधायला हवी, म्हणून साहेबांनी तीनदा प्रस्ताव पाठवला. तिन्ही वेळा परत आला, की ही मालमत्ता विभागाच्या यादीत नाही. पाइप कुणाचा ते कळेना, त्यामुळे तो कापायची परवानगीही मिळेना.

दुसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये एका दुपारी आभाळ फाटल्यासारखा पाऊस झाला. निरोप आला तेव्हा मी करोल बागेत होते. शाळेपाशी पोचले तर मागची कुंपणाची भिंत पडलेली होती आणि पाणी माझ्या कमरेपर्यंत होतं. भिंतीपाशी उभा असलेला म्हातारा चौकीदार विटांखाली सापडला होता, त्याला दोघांनी उचलून जिन्यावर ठेवलं होतं. त्याचा पाय विचित्र कोनात होता. आत हॉलमध्ये बडी बहनजींनी सगळ्या मुलींना स्टेजवर चढवलं होतं, लहान पुढं, मोठ्या मागं, आणि त्यांच्याकडून मोठ्यानं पाढे म्हणवून घेत होत्या. पाणी स्टेजच्या कडेला लागत होतं. सतराचा पाढा चालला होता. एकही मुलगी रडत नव्हती, कारण चुकलं तर बहनजी पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावत होत्या.

साहेब पुलियाच्या तोंडाशी होते. कमरेला दोर बांधून, दोन बेलदारांबरोबर लांब आकड्यानं आत टोचत होते. मी दोर धरला. पाइपला कुणाचीतरी जुनी रजई अडकली होती आणि तिच्यामागे अख्ख्या वस्तीचा कचरा. ती निघायला दोन तास लागले. निघाली तेव्हा पाण्याचा आवाजच बदलला. खाली बसलेला माणूस उठावा तसं पाणी हललं आणि चालू लागलं. साहेब वर आले तेव्हा त्यांच्या दोन्ही तळहातांची सालं निघाली होती.

बडी बहनजी चिखलातून चालत त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. आवाज चढला नव्हता.

"नाम लिखा था ना आपने?"

"जी. लिखा था."

त्या आणखी काही बोलतील म्हणून साहेब उभे राहिले. त्या वळून मुलींकडे गेल्या. साहेबांना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाऊस थांबल्यावर ऑफिसात न येता रस्त्याच्या कडेला बसलेलं पाहिलं.

चौकीदाराला टेकडीवरच्या हिंदूराव हॉस्पिटलात ठेवलं होतं. साहेब रोज संध्याकाळी घरी जाताना त्याच्याकडे जायचे. वहिनी, म्हणजे साहेबांच्या पत्नी, डब्यातून शिरा द्यायच्या. काय बोलायचं ते कळत नसल्यामुळे साहेब त्याला वॉर्डच्या खिडकीतून शहर दाखवून पाणी कुठून कुठं जातं ते सांगायचे. चौकीदारानं मला नंतर सांगितलं, की पाय बरा होईपर्यंत त्याला सगळी दिल्ली समजली.

चौकशी समिती बसली. तीन मोठे अधिकारी. रस्तेवाल्यांनी नकाशाची प्रत पुढं केली, पूरवाल्यांनीही केली. त्यांच्याकडे ती अगदी जपून ठेवलेली होती. मी साहेबांच्या मागं फायलींचा गठ्ठा घेऊन बसले होते. परत आलेले तिन्ही प्रस्ताव मी वरच ठेवले होते आणि आदल्या दिवशी त्यांना दहादा सांगितलं होतं, की साहेब, हे दाखवा, म्हणजे तुम्ही सुटाल. ते म्हणाले होते, बघू.

अध्यक्षांनी त्यांना बरं वाटावं अशाच सुरात विचारलं, की ही पुलिया तुमच्या विभागाच्या यादीत नाही, नावाची ती नोंद केवळ बोलाचालीत झाली असणार. साहेब उठून उभे राहिले.

"नाही सर. पुलिया माझी आहे. भिंत माझ्या पुलियामुळे पडली, आणि तो माणूस माझ्यामुळे खाटेवर आहे. तुम्ही हे लिहून घ्या. फक्त एक करा, पुलिया माझ्या विभागाची आहे हे पण त्याच पानावर लिहा."

हे त्यांनी इंग्रजीत म्हटलं होतं, मी मराठीत सांगते आहे.  मग अध्यक्षांनी परत आलेले प्रस्ताव मागितले, माझ्याकडून घेतले आणि वाचत बसले. वाचून झाल्यावर त्यांनी साहेबांना नीट विचारलं, याचा तुमच्या नोकरीवर काय परिणाम होईल ते माहीत आहे ना. साहेब म्हणाले, माहीत आहे.

अहवालात दोन्ही गोष्टी आल्या. एक, सदर अधिकाऱ्याला ताकीद आणि पदोन्नती थांबवणे. दोन, पुलिया ही सदर विभागाची मालमत्ता असून विभागानं ती पुढच्या पावसाळ्याआधी नव्यानं बांधावी. वीस वर्षं जी कुणाची नव्हती ती एका पानावर आमची झाली. त्यानंतर प्रस्ताव कुणी अडवू शकलं नाही. पाइपचा मालकही आठ दिवसांत सापडला.

खूप दिवस मला वाटत होतं, की साहेबांनी हे सगळं आधीच ओळखून नाव लिहिलं होतं. एकदा विचारलंच. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी चुकीची लेव्हल आणली आहे. म्हणाले, एवढं लांबचं दिसत असतं तर मी तो पाइप परवानगीशिवाय नसता कापला का? त्या न कापलेल्या पाइपचं त्यांना शेवटपर्यंत वाईट वाटत राहिलं. बढतीबद्दल मात्र मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नाही. वहिनी एकदा बोलल्या, तेही एकच वाक्य, की यांच्या मागून आलेले दोघं आता यांचे वरिष्ठ होऊन यांना बोलावून घेतात. आणि चहा आणायला आत गेल्या.

थंडीत पुलिया बांधून झाली. रुंद, चौकोनी, माणूस ताठ उभा राहून चालत जाईल एवढी. साहेब रोज दोन वेळा तिथं असायचे. उद्घाटनाच्या दिवशी मांडव होता, हार होते, तिन्ही विभागांचे वरिष्ठ होते आणि तिघांच्याही भाषणात ती पुलिया त्यांची होती. साहेब खाली उतरून पलीकडच्या तोंडाशी जाऊन बघत होते, की आदल्या दिवशी सोडलेलं पाणी कुठं थांबलं तर नाही.

मार्चमध्ये त्यांच्या बदलीचा हुकूम आला. शहराबाहेर, मैलापाणी शुद्ध करण्याच्या केंद्रावर, जिथं नाले नाहीत आणि पाऊस पडला काय न पडला काय सारखंच. जायच्या आधी त्यांनी भिंतीवरचा नकाशा काढला आणि स्वतःच्या नावाचे तुकडे एकेकाला वाटून दिले. उरली ती पुलिया. नवीन येणारे साहेब सावध होते. त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, की नकाशावर माणसांची नावं लिहायची पद्धत नियमात कुठंही नाही. आमच्या साहेबांनी त्या जागेवरचं आपलं नाव खोडलं, नकाशा माझ्या टेबलावर ठेवला, शेजारी पेन्सिल ठेवली आणि निघून गेले.

तीन दिवस तो नकाशा तसाच पडून होता. घरी मी वडिलांना विचारलं. त्यांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. ते म्हणाले, केंद्र सरकारात तीस वर्षं काढली, जिच्यासाठी उद्या कुणी बोलावून जाब विचारील अशी एकही सही मी केली नाही. हे त्यांनी अभिमानानं सांगितलं होतं. मग बाजूच्या वर्तमानपत्राची घडी घालत ते हळूच म्हणाले, आणि एकही अशी केली नाही, जी कुणाला आठवेल. तुझं तू ठरव.

चौथ्या दिवशी मी नाव लिहिलं. आडनावासकट. मग एक प्रत काढून शाळेत घेऊन गेले. बडी बहनजींनी भिंतीवरची जुनी प्रत काढली नाही, तिच्या खाली नवीन लावली.

त्या वर्षी जुलैत सकाळीच पाऊस कोसळला. मी सायकल घेऊन निघाले. पुलियाच्या कठड्याला धरून मी दोन तास उभी होते. पाणी वस्तीतून फेसाळत यायचं, पुलियाच्या तोंडात शिरायचं आणि पलीकडून बाहेर पडायचं. थोड्या वेळानं बडी बहनजी छत्री घेऊन आल्या आणि माझ्याशेजारी उभ्या राहिल्या. आम्ही दोघी खाली पाणी बघत होतो. शाळेतून मुलींचा आवाज येत होता, रोजचा, वर्गातला. बहनजींनी घड्याळ बघितलं, मला म्हणाल्या की माझा तास आहे, आणि छत्री माझ्या हातात देऊन भिजत परत गेल्या.

पाऊस थांबल्यावर मी शाळेच्या ऑफिसातून साहेबांना फोन लावला. केंद्रावर फोन लागायला वेळ लागला. कुणीतरी त्यांना बोलवायला गेलं. मग त्यांचा आवाज आला. त्यांनी माझी विचारपूस केली नाही, भिंतीबद्दलही विचारलं नाही.

"पाणी किती वाजता उतरलं?"

"साहेब, चढलंच नाही."

 

"मग तुम्ही तिथं काय करताय, बाई? पुढच्या नाल्यावर जा."